सायकलचा चष्मा

सत्तरीनंतर सायकल चालवायची तर आधी डोळ्यांची सोय बघावी लागते. माझा रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह; खालचा भाग वाचनाचा. पेपराला उत्तम, पण पुढच्या चाकाजवळचा खड्डा नेमका त्याच भागातून दिसतो, म्हणजे धूसर! या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, हे सौ. रोज ऐकवते. म्हणून निव्वळ लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा केला. काच नको, पॉलिकार्बोनेट. आपटलं तरी सहसा ठिकऱ्या होत नाहीत. फ्रेम उभट, कारण हँडलवर वाकलं की नजर भिंगाच्या वरच्या कडेतून जाते. दुकानदार गडद गॉगल दाखवत होता. पहाटे साडेपाचला गडद काचा कशाला? आता या चष्म्यातून मनगटावरचं घड्याळ दिसत नाही. सौ. म्हणते, "उशीर झाला की मी फोन करीनच."