थांबे ठरवा मागच्या सीटला विचारून!

नाशिक ते पुणे, जेमतेम 210 किलोमीटर. माझी यादी मात्र हाऊसफुल्ल : सिन्नर, लेण्याद्री, शिवनेरी! पण या वेळी मागच्या सीटवर आई होती आणि सोबत तिचे कुरकुरणारे गुडघे. लेण्याद्रीच्या शेकडो पायऱ्या, शिवनेरीचे सात दरवाजे... दोन्ही कट! मग सिन्नरला बायपास सोडून गावात शिरलो. यादवकाळातलं गोंदेश्वर म्हणजे काळ्या दगडातलं पंचायतन. मधोमध महादेव, भोवती चार छोटी देवळं. एकेका शिल्पापुढे थांबत आई तासभर रमली. पुढे नारायणगावला चहा. बस्स, दोनच थांबे! शिवनेरी काय, मित्रांबरोबर कधीही होईल. आईसोबतचा असा वीकएन्ड ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये सापडतो कुठे?