सी-स्कीममधील खेळती हवा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जयपूरच्या स्थानकावर उतरले, तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि हवेत रात्रीचा गारवा अद्याप रेंगाळत होता. “उन्हे चढण्यापूर्वी घरी ये,” असे ताईने आधीच बजावले होते. दहा वाजल्यानंतर येथे ‘लू’ वाहू लागते. अंगाला झोंबणारा तो तप्त, कोरडा वारा नागपूर-अकोल्याकडील वाचकांना वेगळा समजावून सांगावयास नको.

ताईचे बिऱ्हाड सी-स्कीममध्ये आहे. १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी वसविलेले मूळ शहर तटाच्या आत. ही वसाहत त्याच्या बाहेर, दक्षिणेकडे. सवाई मानसिंहांच्या कारकीर्दीत, सर मिर्झा इस्माईल १९४२ ते १९४६ या काळात संस्थानचे मुख्य प्रधान असताना शहराच्या वाढीला नवे वळण लागले. त्या सुमारास आखलेल्या योजनांपैकी एकीचे इंग्रजी अक्षर या भागाला कायमचे चिकटले. अशोकनगर असे तिचे दुसरे नाव आहे. पण रिक्षावाल्याला ‘सी-स्कीम’ म्हटले की पुरते. रुंद रस्ते, कडुनिंबाची सावली, मध्ये जयसिंहांचा पुतळा असलेला ‘स्टॅच्यू सर्कल’ आणि मागे सरून बांधलेले बंगले, असे या वस्तीचे जुने रूप. आता बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत.

अशाच एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, ताई राहते. शेजारी एक जुना बंगला अजून तग धरून आहे. त्याच्या भिंती दीड हात जाड, छत उंच, समोर खोल ओसरी आणि छताला लागून लहान लहान झरोके. त्यांना येथे ‘रोशनदान’ म्हणतात. नाव उजेडाचे असले तरी काम हवेचेही आहे. खोलीतील तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि झरोक्यातून निघून जाते; तिची जागा घेण्यास खालच्या खिडकीतून दुसरी हवा येते. यासाठी विजेचा एक कणही खर्ची पडत नाही.

ताईच्या घरी मात्र निराळाच प्रश्न उभा होता. भाचा परीक्षेच्या तयारीला लागला होता आणि रोज सकाळी डोके धरून उठत होता. डोळे तपासले, चष्मा बदलला. गुण आला नाही. त्यातच धुळीने ताईच्या सासूबाईंचा दमा बळावे, म्हणून भावोजींनी मागचा सज्जा स्थिर काचांनी कायमचा बंद करून आणखी एक वातानुकूलन यंत्र बसविण्याचे ठरविले होते. ठेकेदाराचा अंदाजही हाती आला होता. रक्कम लहान नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याला घेऊन हवामहाल पाहावयास गेले. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये तो बांधविला. रचनाकार लालचंद उस्ताद. रस्त्यावरून पाहणाऱ्यास तो भव्य राजवाडा वाटतो. पण पाच मजल्यांपैकी वरचे तीन एकाच खोलीच्या जाडीचे आहेत. त्यामुळे ९५३ लहान खिडक्यांतून शिरलेला वारा पलीकडे सहज निघून जातो. आम्ही जाळीपाशी उभे होतो, तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, येथे हवेला आत येण्याची वाट आहे आणि बाहेर जाण्याचीही. माझ्या खोलीत दोन्ही नाहीत.”

ते बोलणे माझ्या मनात राहिले. आमच्या कार्यालयात मी नुकतेच एका पुस्तिकेचे भाषांतर केले होते. त्यात ‘वायुवीजन’ हा शब्द मी पन्नासदा तरी लिहिला असेल. वीजन म्हणजे पंख्याने वारा घालणे. आपल्या आजी-पणजी याच गोष्टीला ‘हवा खेळती असणे’ म्हणत, आणि मला तो शब्दप्रयोग अधिक नेमका वाटतो. घरोघरी भिंतीवर दिसणारे वातानुकूलन यंत्र खोलीतील तीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते. बाहेरची ताजी हवा ते आणीत नाही.

भाच्याच्या मित्राकडे कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे लहानसे यंत्र होते. मोकळ्या हवेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० असते. भाचा व त्याचा धाकटा भाऊ दार बंद करून झोपले. पहाटे यंत्राने २,३०० हा आकडा दाखविला. एवढा वायू विषारी नव्हे. पण आपणच सोडलेला श्वास आपण पुन्हा घेत आहोत, याची ती खूण आहे. पुढच्या रात्री चौकाकडील खिडकी दोन बोटे उघडी ठेवली. आकडा हजाराच्या खाली राहिला. नंतरच्या दिवसांत भाच्याची तक्रार कमी झाली. कारण हेच, असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण खिडकी पुन्हा बंद करावी असे त्याला वाटले नाही.

मग विजेचे काय, हा भावोजींचा प्रश्न रास्त होता. यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगते. बावीसऐवजी सव्वीस अंश आणि जोडीला पंखा, एवढ्याने खिडकीच्या फटीची भरपाई पुष्कळशी होते. मोठ्या इमारतींत तर बाहेर जाणाऱ्या थंड हवेकडून आत येणारी गरम हवा, दोन्ही न मिसळता, गार करून घेणारी साधनेही बसवितात.

धुळीचे भय मात्र खोटे नव्हते. म्हणून खिडकी रस्त्याकडची नव्हे, चौकाकडची उघडावी. वावटळ उठली की ती बंद करावी. आजींच्या खोलीत हवा गाळणारे यंत्र ठेवावे, असे ठरले. तथापि असे यंत्र धूळ अडविते, शिळी हवा ताजी करीत नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे. हिवाळ्यात तर याहून मोठी दक्षता हवी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्यास तो जागे होऊ देत नाही.

राहता राहिला सज्जा. नव्या निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध झाली. संमिश्र हवामानाच्या प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १२.५ टक्के असावे, असे ती सांगते. म्हणजे ८०० चौरस फुटांच्या घरास १०० चौरस फूट. मोकळ्या सज्जात उघडणारे दारही या हिशेबात धरतात. भावोजींनी मोजपट्टी घेऊन घर मोजले. सज्जाचे दार धरून बेरीज जेमतेम शंभराच्या वर गेली. ते वगळता ती बरीच खाली आली. कागदाकडे थोडा वेळ पाहून त्यांनी ठेकेदाराला दूरध्वनी केला आणि काचांचे काम रद्द केले. त्याऐवजी सज्जावर बांबूचे पडदे लावावयाचे ठरले.

निघण्याच्या दिवशी पहाटे पाचलाच जाग आली. आजी सज्जात खुर्ची टाकून बसल्या होत्या. सगळी दारे-खिडक्या सताड उघडी होती आणि रात्रीचा गारवा घरभर फिरत होता. आठ वाजता ताईने एकेक खिडकी लावून घेतली, पडदे सोडले आणि चौकाकडची तेवढी दोन बोटे उघडी ठेवली.