एक गीतसंग्रह आणि त्याचे परीक्षक

इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नांवाचें एक गांव आहे. तेथील शाळेंत शिकणाऱ्या पांच मुलांनीं एक बँड काढला. तालीम शाळेच्या संगीताच्या खोलींत शुक्रवारीं होई, म्हणून बँडाचें पहिलें नांवच ‘ऑन अ फ्रायडे’ असें होतें. पुढें हाच बँड ‘रेडिओहेड’ या नांवानें प्रसिद्धीस आला. रूढ बाजारी वळणाहून निराळें जें रॉक संगीत, ज्यास ऑल्टर्नेटिव्ह रॉक म्हणतात, त्यांतील ही मंडळी अग्रेसर होत. १९९७ सालीं त्यांच्या ‘ओके कॉम्प्युटर’ या संग्रहाची सर्वत्र वाहवा झाली, आणि पुढचा संग्रहहि त्याच धर्तीचा निघेल अशी लोकांची अपेक्षा होती.

ऑक्टोबर २००० मध्यें ‘किड ए’ बाहेर पडला, तो अगदींच निराळा! गिटार बहुतेक बाजूस सारलेली; तिच्या जागीं विद्युत्‌यंत्रांचे ध्वनि. थॉम यॉर्क या गायकाचा आवाज कोठें कोठें ओळखूं येऊं नये इतका बदललेला. कांहीं ओळी तर कागदाच्या चिठ्ठ्या टोपींत घालून, हातीं येतील तशा काढून जुळविलेल्या.

लंडनच्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या परीक्षकानें पांच ताऱ्यांपैकीं अवघे दीड दिले. इंटरनेटवरील ‘पिचफोर्क’ या अमेरिकन नियतकालिकानें दहांपैकीं दहा दिले. एकाच वस्तूस एक परीक्षक नापास करतो आणि दुसरा पैकीच्या पैकी गुण देतो, हें दृश्य आम्हां शिक्षकांना फारसें अपरिचित नाहीं.

परंतु मला विचार करावयास लावलें तें निक हॉर्नबी या कादंबरीकारांच्या ‘न्यूयॉर्कर’ मधील परीक्षणानें. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, असलें संगीत उमगण्यास रात्रीमागून रात्री घरीं बसून तें ऐकावें लागतें. इतकी सवड सोळा वर्षांच्या मुलाजवळ असते, नोकरीधंद्याच्या माणसाजवळ नसते. हा आक्षेप मला अर्धा पटतो. श्रोत्यांना सवड होती, हें खरेंच आहे. बँडमधील कॉलिन ग्रीनवुड यांनीं सांगितलेली हकीकत अशी: बार्सिलोना येथें त्यांनीं नवीं गाणीं गाइलीं, तीं दुसऱ्याच दिवशीं नॅप्स्टरवर आलीं, तीन आठवड्यांनीं इस्रायलमध्यें गेले, तों श्रोत्यांना शब्द पाठ! संग्रह तेव्हां बाहेरहि पडला नव्हता. तो निघतांच इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत खपांत पहिला आला, आणि २००९ सालीं ‘रोलिंग स्टोन’नें त्या दशकांतील सर्वोत्कृष्ट संग्रह म्हणून त्याचीच निवड केली.

न पटणारा अर्धा भाग मात्र माझ्या धंद्याचा आहे. ज्यास ऐकण्यास वेळ लागतो तें केवळ मुलांनींच ऐकावें काय? मी पगारदार, चाळिशी उलटलेला. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत दरवर्षीं एखादा निबंध असा निघतो कीं त्यास आरंभ सांपडत नाहीं, पण मध्येंच एखादें वाक्य मान वर करावयास लावतें. असा निबंध मी त्या रात्रीं तपासीत नाहीं; सकाळीं पुन्हां वाचतों. साप्ताहिकाच्या परीक्षकास अंकाचा दिवस गांठावयाचा असतो, त्यास ही सवलत कोठची! तथापि ज्यांना ‘किड ए’ रुचला नाहीं ते सारे उतावळे होते, असें मी म्हणणार नाहीं. कित्येकांनीं तो वर्षानुवर्षें ऐकून नापसंत केला आहे, आणि त्यांच्या शब्दास वजन आहे.

कांहीं पालक मजजवळ तक्रार करतात कीं, मुलगा तासन्‌तास कानांत यंत्र घालून एकच गोंगाट ऐकत बसतो. मी त्यांस एवढेंच विचारतों कीं, तो गोंगाट आपण कितीदां ऐकला आहे?

स्वतः मला त्यांतील ‘हाऊ टु डिसॅपिअर कम्प्लीटली’ हें गाणें फार प्रिय आहे. त्यांतील तंतुवाद्यें डॉर्चेस्टर येथील प्राचीन मठाच्या देवळांत वाजवून ध्वनिमुद्रित केलीं, आणि त्या उंच छताचा घुमारा ऐकूं येतो असें मला वाटतें. ‘द नॅशनल अँथम’ मधील पितळी वाद्यांचा गलबला मात्र अद्यापि सोसत नाहीं. तें लागलें कीं मी उठून चहा ठेवतों.