बाहेरच्यानं बदलला असेल

‘गाडी बाहेर खोलली ना, मॅडम? मग बाहेरच्यानंच बदलला असेल.’ सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागचा तो मुलगा हे बोलला तेव्हा त्याची नजर कॉम्प्युटरवरून हललीसुद्धा नाही. या गोष्टीला आता बराच काळ झाला, पण रात्री झोप लागत नसली की मी अजून त्याला उत्तरं देत बसते. एकाहून एक सरस उत्तरं सुचतात. त्या वेळी मात्र तोंडातून ‘अहो, असं कसं?’ एवढंच निघालं होतं.

मी कोल्हापूरची. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, रोज स्कूटरनेच जाते. गाडी २०१९ची, ११० सीसीची. घेतल्यापासून तिचं सगळं सर्व्हिसिंग कंपनीच्या सेंटरलाच. का, तर पार्ट ओरिजिनल मिळतात आणि पक्कं बिल मिळतं. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणाऱ्या बाईला बिलाचा फार आधार वाटतो.

त्या वेळी सकाळी गाडी टाकून ऑफिसला गेले. दुपारी फोन आला. ‘मॅडम, सर आहेत का?’ सर नाहीत, गाडी माझी आहे, बोला. ‘बेल्ट गेलाय. रोलर पण चपटे झालेत. बदलायचे ना?’ गाडीचं रनिंग बावीस हजारांच्या पुढे गेलेलं, म्हणजे बेल्टची वेळ झालीच होती. म्हटलं, बदला. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून लखलखीत करून ठेवलेली, पाय ठेवायच्या जागी कागद अंथरलेला. बिलात बेल्ट, रोलर सेट, लेबर, वर जीएसटी. नुसत्या या कामाचेच सतराशेच्या आसपास झाले होते. पैसे भरले, घरी आले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या कारखान्यात दुचाकीवाल्यांसाठी ट्रेनिंग होतं. जानेवारीत रस्ता सुरक्षेचं काहीतरी असतंच; एरवी एक भाषण, एक शपथ आणि चहा-बिस्किट. या वेळी मात्र बाहेरून एक प्रशिक्षक आले होते आणि त्यांनी खुर्च्यांवर बसूच दिलं नाही. सगळ्यांना गाड्यांसकट मागच्या पार्किंगमध्ये नेलं. प्लॅस्टिकचे शंकू मांडले, खडूने एक रेघ मारली आणि म्हणाले, चाळीसच्या स्पीडने या आणि रेघ आली की थांबा. पाय खाली न टेकता, गाडी न घसरवता.

वीस-पंचवीस वर्षं गाड्या चालवणारे लोक आमच्यात. एकाही बहाद्दराला पहिल्यांदा नीट थांबता आलं नाही. निम्म्यांनी मागचा ब्रेक दाबून काळी रेघ उमटवली, उरलेले शंकूंच्या पार पुढे जाऊन थांबले. पुढच्या ब्रेकला कुणीच हात लावला नव्हता, कारण लहानपणापासून सगळ्यांनी एकच ऐकलेलं: पुढचा दाबलास की पालथा पडशील. प्रशिक्षकांनी शांतपणे समजावलं की ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे येतो, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचंच चाक करतं. दोन्ही एकदम दाबायचे, पण हिसका न देता वाढवत न्यायचे; हँडल सरळ हवं आणि नजर रेघेवर नाही, तर रेघेच्या पलीकडे हवी. वाळू-खडी असली तर पुढचा जपून. माझ्या गाडीला कॉम्बी ब्रेक आहे, डावा दाबला की दोन्ही चाकांना थोडाथोडा लागतो, हेही मला त्या दिवशी कळलं. २०१९च्या एप्रिलपासून लहान गाड्यांना तो सक्तीचा आहे म्हणे. शोरूमवाल्याने गाडी देताना मोबाइल चार्जिंगचा पॉइंट दाखवला होता, हे नव्हतं सांगितलं.

इथे एक बोलून घेते. आपल्याकडे लर्निंग लायसन काढलं की ३० दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. परीक्षा म्हणजे काय, तर आठ काढायचा. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, मोकळ्या जागेत, पाय न टेकता. बरं, मला सांगा, कागलच्या बाजूने भरधाव येणाऱ्या ट्रकसमोर आठ काढायची वेळ कुणावर येते का? थांबायची वेळ रोज येते, आणि ते कुणीच तपासत नाही. माझ्या मुलीनेही आठ काढूनच लायसन मिळवलं. मग मी तिला आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर नेऊन खडूची रेघ मारून दिली. ‘आई, लोक बघतायत,’ म्हणाली. बघू देत.

तर त्या पार्किंगमध्ये माझी पाळी आली. मी ॲक्सिलरेटर पिळला, गाडी ओरडली, पण पळेना. चाळीसचा काटा गाठायला सगळं पार्किंग संपायला आलं. प्रशिक्षकांनी हात वर करून थांबवलं. ‘मॅडम, बेल्ट घसरतोय. बदलून घ्या.’ मी म्हटलं, मागच्याच आठवड्यात बदललाय, बिल आहे माझ्याकडे. ते म्हणाले, बिल असेल हो, पण गाडीने वाचलेलं दिसत नाही.

सगळे हसले. मीही हसले, पण पोटात गोळा आला.

सुटल्यावर सेंटर बंद झालेलं असणार, म्हणून गाडी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे नेली. आमच्या दिरांची बुलेट तेच बघतात. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, डाव्या बाजूला उकिडवे बसले आणि बराच वेळ कशालाच हात लावला नाही. मग मोबाइलची बॅटरी लावून मला खाली वाकायला सांगितलं. ‘ताई, हे कव्हर उघडलंच नाही की. बघा, खालच्या बोल्टांवर तेल आणि धुळीचं कसं काळं किटण चढलंया. आठ नंबरचा पाना लावला असता तर हे राहिलं असतं व्हय?’ वरचे बोल्ट धुतल्यामुळे स्वच्छ होते. खालचे, जे उभ्या माणसाला दिसत नाहीत, ते वर्षानुवर्षांच्या काळ्या थरात बुडालेले. बोल्टच्या डोक्याच्या कडासुद्धा दिसत नव्हत्या.

त्यांनी विचारलं, खोलू का? मी म्हटलं, खोला.

कव्हर निघालं आणि आतून काळी भुकटी सांडली. बेल्ट जुना, दातांच्या मुळाशी बारीक चिरा, कडा खाऊन अरुंद झालेला. रोलर गोल असायचे, ते एका बाजूने घासून सपाट झालेले. म्हणजे मुलाने फोनवर सांगितलं होतं ते अक्षरशः खरं होतं! बेल्ट गेलेला, रोलर चपटे. रोगाचं निदान बरोबर, औषधाचं बिलही बरोबर, फक्त औषध दिलं नव्हतं. आणि न उघडता त्याला हे कळलं कसं? मिस्त्री म्हणाले, बावीस हजारांच्या गाडीला आणखी काय झालेलं असणार!

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून सेंटरला गेले. जुना बेल्ट, रोलर पिशवीत, बिल हातात, बोल्टांचे फोटो मोबाइलमध्ये. मी आधी सगळं शांतपणे सांगितलं. मुलाने जॉब कार्ड काढलं, त्यावर बेल्टपुढे टिकमार्क होता, तो माझ्याकडे वळवून दाखवला. मी म्हटलं, टिक दिसतेय, बेल्ट दाखवा, माझा काढलेला जुना बेल्ट कुठाय? ‘स्क्रॅपमध्ये गेला.’ मग हा पिशवीतला कुणाचा? तेव्हा ते वाक्य आलं. बाहेरच्यानं बदलला असेल. म्हणजे त्यांनी घातलेला नवा बेल्ट मिस्त्रींनी काढून घेतला, आपल्याकडचा जुना माझ्या हातात ठेवला आणि वर मलाच सेंटरविरुद्ध भडकवलं. मी बोल्टांचे फोटो दाखवले. तो म्हणाला, हे आमच्याकडच्या सर्व्हिसच्या आधीचे असतील. फोटोवर तारीख होती. ‘तारीख बदलता येते, मॅडम.’ वर असंही म्हणाला की बाहेर खोलल्यामुळे आता वॉरंटीही गेली. वॉरंटी संपून किती महिने झाले होते! पण त्याने ती माझ्यावर अशी फेकली की क्षणभर मलाच अपराधी वाटलं.

मॅनेजर आले. ते आणखी गोड. ‘आमचा माणूस असं करणार नाही, पण तुम्ही जुन्या कस्टमर आहात, पुढच्या सर्व्हिसिंगच्या लेबरवर डिस्काउंट देतो.’ न केलेल्या कामाची भरपाई म्हणून पुढच्या कामावर सूट, आणि तेही काम कोण करणार तर हेच. मला हसावं की रडावं कळेना.

खरी मेख अशी की कव्हर उघडल्याशिवाय चोरी दिसत नाही आणि उघडलं की पुरावा बाद होतो. कंपनीला ईमेल केला. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवली, सेंटरने तिथेही जॉब कार्डची तीच टिक पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीसुद्धा लागत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. भाचा वकील आहे, तो मागे लागला होता. पण सतराशे रुपयांसाठी तारखा, रजा, आणि मिस्त्रींना साक्षीला उभं करायचं! लोक म्हणतात ग्राहकाने लढलं पाहिजे. मीही पूर्वी म्हणायचे.

मिस्त्रींना हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा ते पाना खाली ठेवून उभेच राहिले. ‘माझ्यावर घातलं?’ गल्ल्यातले पैसे परत देऊ लागले, नव्या बेल्टचे, म्हणाले तुमच्या मनात शंका नको. मी घेतले नाहीत. तो चिरलेला बेल्ट त्यांनी दुकानात खिळ्याला टांगला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला त्याची कथा ऐकवू लागले.

आता हेही लिहायलाच हवं की काही महिन्यांनी याच मिस्त्रींनी मागचे ब्रेक शू ओरिजिनल म्हणून लोकल घातले. खोका कंपनीचा, माल दुसराच. पहिल्याच पावसात चीं-चीं करायला लागले तेव्हा दिरांनी ओळखलं. शिवाय ‘उद्या देतो’ म्हणून गाडी अडकवून ठेवणं आहेच. त्यांचा उद्या कधी उगवेल हे महालक्ष्मीलाच ठाऊक. विचारलं तर ओशाळं हसून म्हणाले, ‘ओरिजिनल आला नव्हता ओ, तुमची गाडी अडली असती.’ आणि गंमत म्हणजे मला राग आला नाही. सेंटरने फसवलं त्याचा संताप संताप झाला, यांनी फसवलं तर चहा पिऊन आले. का, ते मला नीट सांगता येत नाही. ब्रेक शू ही बेल्टपेक्षा जिवाशी जास्त गाठ असलेली वस्तू, म्हणजे संतापायचं तर इथे संतापायला हवं होतं. कदाचित त्यांनी माझ्याकडे बघून उत्तर दिलं म्हणून असेल. कदाचित ते मला पहिल्यापासून ‘ताई’ म्हणतात आणि सरांना विचारत नाहीत म्हणूनही असेल.

मग मुलीसाठी नवी गाडी घेतली. २०२०च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स आलं, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि हात जोडले. ‘हिला स्कॅनर लागतो, ताई. आपल्याकडं नको.’ म्हणजे पुन्हा तेच सेंटर, तोच काउंटर. तो मुलगा आता तिथे नाही. एक मुलगी असते, बोलायला नीट आहे. मी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की काढलेला प्रत्येक पार्ट मला पिशवीत घालून हवा आणि कव्हर उघडल्यावर व्हॉट्सॲपवर फोटो हवा. ती म्हणाली, ‘पाठवते की, मॅडम.’

परवा माझीच जुनी गाडी तिच्याकडे टाकली होती, बेल्ट पुन्हा आला होता. दुपारी फोटो आला: उघडं कव्हर, नवाकोरा काळा बेल्ट. फोटोत नंबर प्लेट दिसत नव्हती. मी फोन केला. तिने न कुरकुरता दुसरा पाठवला, नंबर प्लेटसकट. संध्याकाळी गाडी घेतली, पिशवीतला जुना बेल्ट मोजून-मापून बघितला, बिल भरलं, आणि तिच्यादेखत तिथेच उकिडवी बसून खालचे बोल्ट बघितले.