गुण मोठा कीं गांठीचा पैसा?

आमच्या वरच्या वर्गांतील मुलांमध्यें हल्लीं मोटारींच्या शर्यतींचें वेड फार वाढलें आहे. परभणीच्या रस्त्यांवर सायकल नीट हांकतां न येणारीं मुलेंही परदेशांतील चालकांचीं नांवें व त्यांच्या मोटारींचे वेग तोंडपाठ म्हणून दाखवितात. त्यांपैकीं एकानें आम्हांस विचारलें, "सर, तेथें गुणवान पुढें जातो कीं पैसेवाला?" हा प्रश्न केवळ शर्यतीचा नाहीं, बेताच्या मिळकतीच्या प्रत्येक घरांत तो आज ना उद्यां उभा राहतो. म्हणून त्याचा थोडासा ऊहापोह येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम धांवण्याची शर्यत घेऊं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचा अविनाश साबळे हा शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर तो सैन्यांत गेला. तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत त्यानें २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत रौप्यपदक व २०२३ सालीं चीनमधील आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. त्यासही आहार, शिक्षक व सराव लागलाच. पण पहिलें साधन, म्हणजे पाय, हें देवानें फुकट दिलेलें होतें.

मोटारींच्या शर्यतीचें तसें नाहीं. तेथें मुलास लहान वयांतच कार्ट नांवाच्या छोट्या गाडींत बसवावें लागतें. गाडी, टायर, इंधन, मिस्त्री, गांवोगांवचा प्रवास, हा सर्व खर्च बापानें सोसावयाचा. सराव जितका अधिक, तितके टायर झिजणार. म्हणजे शिकण्याच्या प्रत्येक तासाला मोल आहे. पुढें फॉर्म्युला टू या पायरीवर एका हंगामाचा खर्च कोट्यवधी रुपयांवर जातो. आणि सर्वांत वरच्या फॉर्म्युला वनमध्यें जागा किती? अनेक वर्षें दहा संघांच्या मिळून अवघ्या २०. २०२६ च्या हंगामांत अकरावा संघ आल्यानें २२. शिवाय मोटारच मंद असली तर उत्तम चालकही शेवटीं राहतो. आपल्याकडील शंकरपटांत पुष्कळदां जोडी एकाची व हांकणारा दुसरा असतो. हांकणाऱ्याचें कसब कितीही असो, कोणी जोडीच दिली नाहीं तर तें त्यानें दाखवावें कोठें? तीच ही गत.

तर मग पैसा हाच सर्व कांहीं काय? इतिहास तसें सांगत नाहीं. मायकेल शूमाकर हा जर्मनींतील एका गवंड्याचा मुलगा. १९९१ सालीं बेल्जियममधील त्याच्या पहिल्या शर्यतीच्या जागेसाठीं मर्सिडीज कंपनीनें सुमारें दीड लाख डॉलर मोजले. जागा पैशानें मिळाली. पण पुढचीं सात जगज्जेतेपदें त्यास कोणीं विकत दिलीं नाहींत. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा श्रीमंत घराण्यांतला. परंतु घरच्यांना हा नाद पसंत नव्हता. आयुर्विम्याच्या तारणावर बँकेचें कर्ज काढून त्यानें संघांत जागा घेतली, व १९७५, १९७७ आणि १९८४ असा तीन वेळां तो जगज्जेता झाला. व्हेनेझुएलाचा पास्तोर माल्दोनादो आपल्या देशाच्या तेलकंपनीचा पैसा घेऊन आला म्हणून लोक त्यास हिणवीत. त्यानेंही २०१२ सालीं स्पेनमधील शर्यत जिंकून दाखविली. पैसा दार उघडतो. दारापलीकडचीं वळणें मात्र ज्याचीं त्यानेंच घ्यावीं लागतात.

पण येथेंच एक फसवणूक आहे. "अंगीं गुण असला कीं मनुष्य कसाही वर येतो," असें आपण सहज म्हणतों, कारण आपणांस वर आलेलेच दिसतात. ज्यांच्यासाठीं दार कधीं उघडलेंच नाहीं, त्यांचीं नांवें कोणत्याही यादींत नसतात.

आपल्या देशांतही हेंच दिसतें. २००५ सालीं नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्यें उतरला. तो पहिला भारतीय. त्याच्या पाठीशीं टाटांसारख्यांचें बळ होतें. २०१० सालीं करुण चंढोक तेथें पोंचला. मुंबईचा जेहान दारूवाला डिसेंबर २०२० मध्यें बहारीन येथें फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. चार हंगाम तो त्या पायरीवर झुंजला. पण त्या काळांत वरची पायरी त्यास मिळाली नाहीं, आणि पुढें तो विजेच्या मोटारींच्या शर्यतींकडे वळला. नोएडाजवळील मैदानावर फॉर्म्युला वनची शर्यत २०११ ते २०१३ अशी तीन वर्षें झाली व थांबली. मैदान बांधणें सोपें. मुलांस त्या मैदानापर्यंत नेणारी शिडी बांधणें कठीण.

महाराष्ट्रांत मात्र या प्रश्नाचें एक सुंदर उत्तर पूर्वींच मिळालेलें आहे. कराडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीला जावयाचें, तर पैसा नाहीं. तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शिक्षक या नात्यानें आम्हांस त्या पदकाइतकेंच त्या गहाणखताचें कौतुक वाटतें.

प्रभु येशूच्या एका दाखल्यांत एक धनी परदेशीं जातांना आपल्या तिघां दासांपाशीं ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें द्रव्य सोंपवून जातो. मूळ ग्रीक भाषेंत त्या द्रव्याच्या मापास 'तालांतोन' म्हटलें आहे. तें सोनें-चांदी तोलण्याचें एक वजन होतें. त्या दाखल्यावरूनच इंग्रजींतील 'टॅलेंट' या शब्दास अंगचा गुण हा अर्थ आला. म्हणजे आज ज्या शब्दानें आपण गुण मोजतों, तो मूळचा पैशाचाच! तिसऱ्या दासानें आपला वांटा जमिनींत पुरला म्हणून धन्याचा रोष झाला. आमच्या मतें हा दोष दोघांस लागतो: आळसानें स्वतःचा गुण पुरणाऱ्यास, आणि पेटींत पैसा असून दुसऱ्याच्या लेंकराचा गुण पुरला जात असतां स्वस्थ पाहणाऱ्यास.

पालकांस एक विनंति आहे. मूल एका नादानें भारलें म्हणून शेत गहाण टाकून त्यास २२ जागांच्या मागें धाडणें हें शहाणपण नव्हे. खर्डेकरांनीं घर गहाण ठेवलें, तें जगांत सहाव्या ठरलेल्या गुणासाठीं. आधीं गुणाची पारख जवळच्या, स्वस्त मैदानावर करावी. मग खर्चाचा विचार. लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांची फी भरतांनाही हाच नियम लागू आहे. आणि गुण खरोखर कसास उतरला, तर सर्व भार एका बापाच्या शेतावर कां पडावा? दहा घरांनीं थोडें थोडें दिलें, तर कोणाचेंच घर गहाण पडणार नाहीं. आपल्या शाळेच्या पालकसभेनें असा एक लहानसा निधि उभारण्याचा विचार करावा, असें आम्ही सुचवितों.

विद्यार्थिमित्रांनो, मोटारीवर प्रेम करा. पण तिचें झांकण उघडून आंतलें यंत्रही पाहा. शर्यतीची मोटार एकटा चालक चालवीत नाहीं. ती आंखणारे, बांधणारे, दुरुस्त करणारे शेंकडों हात तिच्यामागें असतात, आणि त्या हातांची जागा २२ वर संपत नाहीं. तुमच्यांतील कोणी कोठेंही पुढें गेला, तर आपणांस दार कोणीं उघडून दिलें हें त्यानें विसरूं नये, व मागून येणाऱ्याकरितां तें उघडें ठेवावें.