“बाई, पुरे!”

पोर भित्रं आहे, असं कुणी सांगितलं की मला ते चटकन पटत नाही. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतली पहिलीतली मुलं पावसाळ्यात रानवाटेने बिनघोर शाळेत येतात. जीभ अडते ती माणसांपुढे. वडील मुंबईला, आई शेतात, घरी आजी, आणि सगळ्यांची एकच शिकवण : मोठ्यांना उलटून बोलायचं नाही. मग कुणी पेन्सिल हिसकावली तरी पोर नुसतं बघत राहतं.

“तूही एक ठेवून दे” हा सल्ला अंगाने दणकट मुलाच्याच कामाचा. माझा धडा जेवणाच्या पंगतीत सुरू होतो. खिचडी वाढताना विचारते, “अजून घालू?” नको असलं तरी पोरं ताट पुढे करतात. त्यांना मी “बाई, पुरे” म्हणायला लावते, माझ्याकडे बघून, ऐकू येईल असं. ते म्हटलं की पळी तिथेच थांबली पाहिजे. “खा गं थोडीशी” हा आग्रह नाही, अगदी मायेचाही नाही. आपला नकार मोठ्या माणसाने पाळला, हे अनुभवल्याशिवाय मूल तो दुसऱ्या कुणापुढे उच्चारत नाही. पुढे एखादी मुलगी गालगुच्चा घेणाऱ्या पाहुण्यालाही “नको” म्हणते. तेव्हा मी समजूत पाहुण्यांची घालते.

मग पेन्सिल हिसकावणाऱ्यासाठीचा धडा : “माझी आहे, दे.” उभं राहून, एकदाच. नाही मिळाली तर बाईंकडे यायचं, आणि त्याला कुणी चुगली म्हणायचं नाही. शेजारच्यानेही “तिची आहे, दे” म्हणायचं. सगळा भार एकट्या पोराच्या धिटाईवर टाकणं अन्यायाचं आहे.

हक्क मिळून मागायचा, एकट्यावर सोडायचा नाही, हेच मी महाडला चवदार तळ्याकाठी मुलांना सांगते. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं केलं; तरी दलितांना पाणी मिळेना. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले आणि पाणी प्यायले. त्या दिवशी लोकांना मारहाण झाली, तरी डिसेंबरात परिषदेसाठी लोक पुन्हा महाडलाच जमले. तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

एक काम मात्र माझंच. ओळखीच्याच माणसाने “नको” ऐकलं नाही तर कुणाला सांगशील, असं मी प्रत्येकाला एकेकटं विचारते. ज्याला सांगितलं त्याने लक्ष दिलं नाही तर आणखी कुणाला? काही मुलांना दुसरं नाव सुचत नाही. त्यांच्या घरी मी त्याच आठवड्यात जाते.