उशिरा वाचलेले मर्ढेकर

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. गेली अठरा वर्षे मर्ढेकर शिकवीत आलो. शिकवणे म्हणजे अभ्यासक्रमातल्या चार-सहा कविता आणि त्यांवरची टाचणे: नवकवितेचे प्रवर्तक, यंत्रयुगातील माणसाची विफलता, प्रतिमांची दुर्बोधता. मौजेने १९५९ साली काढलेला 'मर्ढेकरांची कविता' हा संग्रह घरात होता; पण त्याची परीक्षेपुरती लागणारी पानेच तेवढी मळलेली.

काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेत एका विद्यार्थिनीने लिहिले होते, की पिपातल्या उंदरांची कविता तिला प्रार्थनेसारखी वाटते. आम्ही 'विषयांतर' असा शेरा मारला आणि गुण कापले.

या उन्हाळ्याच्या सुटीत सारा संग्रह क्रमाने वाचला. रोज रात्री एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने ऐकायचे. 'शिशिरागम' (१९३९) वर्गात आम्ही 'बालकवी व माधव जूलियन यांच्या प्रभावाखालील' एवढ्या वाक्यात निकालात काढत असू. ऐकताना जाणवले, की त्यातला हळवेपणा पुढे संपलेला नाही. 'काही कविता'मध्ये (१९४७) महायुद्धाच्या काळातली मुंबई येते, यंत्रे आणि मरण येते, इंग्रजी शब्द खडखडत येतात. आणि हे सारे कितीदा तरी ओवी-अभंगाच्या चालीवर येते. संतांचे छंद आणि विद्रूप आशय, म्हणजे उपरोध, असे आम्ही आजवर सांगत आलो. कानाला तो नुसता उपरोध वाटेना. गणपत वाण्याची कविता वाचताना वाचणाऱ्याचा आवाज दाटून आला. विडी ओढत घराचे स्वप्न पाहणाऱ्या आणि तसाच मरून गेलेल्या त्या माणसाला कवी हसत असेलही, पण त्याच्या शेजारी बसून. अभंगाची चाल धरणाऱ्याला ऐकणारा कोणीतरी हवा असतो. 'आणखी काही कविता'पर्यंत (१९५१) येताना ती विनवणी उघड होते. दबलेली ती आधीपासूनच होती.

आमच्यापैकी एकाला हे अजून पुरते पटलेले नाही. त्याच्या मते उंदरांच्या कवितेतला थंडपणा प्रार्थनेत विरघळवू नये. तो कवितेचा कणाच आहे. हा वाद मिटलेला नाही. मात्र ज्या वाचनावर अठरा वर्षांनी आम्ही दोघे रात्र-रात्र वाद घालतो आहोत, ते त्या मुलीने एका वाक्यात मांडले होते, आणि ते 'विषयांतर' नव्हते, याबद्दल दुमत नाही.

मर्ढेकर १९५६ साली गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. आमची वये आज त्याच्याच आसपास आहेत. त्यांनी सांगितलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहिली. त्यांच्या कवितेत मात्र आम्हाला एक विरोधच काय तो दिसला.

ती विद्यार्थिनी आता कुठे आहे, ठाऊक नाही. तिचे गुण परत देता येणार नाहीत. येत्या सत्रात मर्ढेकर शिकवताना आधी 'शिशिरागम'मधल्या कविता वाचून दाखवायच्या, मग उंदरांची, आणि टाचणे काढण्यापूर्वी वर्गाला विचारायचे, एवढे ठरवले आहे.